जिवंत माणसाची शोकसभा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. 'ताई, लिखाण बंद केलंत की काय?' असे मधे दोघा-तिघांनी विचारले. बंद केले नव्हते. वेळ मिळत नव्हता हे एक कारण, आणि मनात जे होते ते कसे मांडावे हे कळत नव्हते हे दुसरे. एका सिनेमाने ती वाट थोडी मोकळी केली, म्हणून आज त्याच्याबद्दलच लिहिते. घरच्या मंडळींनी मात्र शेवटपर्यंत वाचावे. शेवटी तुमच्यासाठी एक विनंती आहे.

सिनेमाचे नाव 'डिक जॉन्सन इज डेड', म्हणजे 'डिक जॉन्सन वारले'. फोनवर नाव सांगितले तर आमच्या धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, 'वहिनी, या वयात असलं कशाला बघायचं? एखादं विनोदी नाटक बघा की.' गंमत अशी की हा सिनेमा बऱ्यापैकी विनोदी आहे. मी आणि माझी नात दिवाळीच्या सुट्टीत दोन दुपारी मिळून तो पाहिला. सिनेमा तसा दीड तासाचाच. पण माझे इंग्रजी मराठी माध्यमातल्या बी.ए.चे. खालची अक्षरे वाचेपर्यंत ती पळून जातात. त्यामुळे नात मधे मधे थांबवून अर्थ सांगत होती. थांबत थांबत पाहिल्याचा एक फायदा असा झाला की विचार करायला भरपूर सवड मिळाली.

दिग्दर्शिका कर्स्टन जॉन्सन. बाई मूळच्या कॅमेरावाल्या. बोस्निया, रवांडा, दारफूर अशा, माणसांनी माणसांची कत्तल केलेल्या ठिकाणी कॅमेरा घेऊन हिंडलेल्या. त्यांच्या आईला अल्झायमर झाला होता. आई २००७ साली गेली. आयुष्यभर दुसऱ्यांची दुःखे टिपली आणि आपल्या आईचे चित्रण मात्र जवळ फारसे नाही, जे आहे ते आजाराने आई पुरती बदलल्यानंतरचे, ही खंत त्यांच्या मनात राहिली. त्यानंतर काही वर्षांनी वडिलांमध्येही तीच लक्षणे दिसू लागली. वडील डिक जॉन्सन हे सिएटल शहरातले मानसोपचारतज्ज्ञ. ऐंशी ओलांडली तरी पेशंट तपासणारे. एकाच वेळी दोन पेशंटना बोलावून ठेवू लागले, गाडी भलत्याच जागी घालू लागले. मग मुलीने दवाखाना बंद करायला लावला, गाडी सोडायला लावली आणि त्यांना न्यूयॉर्कला आपल्या छोट्याशा घरी आणले.

इथपर्यंत गोष्ट घरोघरची आहे. पुढे बाईंनी जे केले ते विलक्षण. त्यांनी वडिलांना सांगितले, 'बाबा, आपण एक सिनेमा करू. त्यात तुम्ही पुन्हा पुन्हा मराल.' आणि बाबा हसत हसत तयार झाले!

मग सुरू होते मरणांची मालिका. डिक जॉन्सन रस्त्याने चालले आहेत आणि वरून एअर कंडिशनर डोक्यात पडतो. जिन्यावरून पडतात. रस्त्यावरच्या एका मजुराच्या खांद्यावरच्या फळीचा खिळा मानेत घुसतो आणि रक्ताची धार लागते. धोक्याच्या जागी स्टंटवाले असतात, रक्त नकली असते, आणि बाई हे आपल्यापासून लपवत नाहीत. आत्ता मेलेला माणूस पुढच्या क्षणी उठून बसतो, भोवती कॅमेरे-दिवे दिसतात आणि आजोबा चॉकलेट केक खात असतात. केक म्हणजे त्यांचा जीव की प्राण!

मधेच स्वर्ग येतो. खोटा, चकचकीत, गणपतीच्या आराशीत शोभेलसा. सोनेरी चमचम, हवेत तरंगणारी पिसे. डिक यांच्या पायांची बोटे जन्मापासून वाकडी. त्याची त्यांना आयुष्यभर लाज. स्वर्गात येशू त्यांचे पाय धुतो आणि बोटे सरळ होतात. तिथे गेलेली पत्नीही भेटते. एक नर्तकी तिच्या फोटोचा मुखवटा लावून येते आणि ती दोघे नाचतात. हे कुटुंब सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट नावाच्या ख्रिस्ती पंथाचे, आणि त्या पंथात नाचणे, सिनेमे पाहणे वर्ज्य मानलेले. ज्या नवरा-बायकोने संसारात कधी नाचून पाहिले नाही त्यांना लेकीने कागदी मुखवट्याच्या मदतीने नाचवले. इथे नातीला म्हटले, 'थांबव जरा.' डोळे पुसायचे होते.

२०२० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात या सिनेमाला माहितीपटाच्या मांडणीतील नावीन्याबद्दल परीक्षकांचे खास पारितोषिक मिळाले आणि २ ऑक्टोबर २०२० ला तो नेटफ्लिक्सवर आला. समीक्षक याला प्रायोगिक म्हणतात, कारण यात माहितीपट आणि कल्पित यांची सरमिसळ आहे. आपण सोयीसाठी दोन कप्पे करून ठेवतो. खऱ्याचा एक, रचलेल्याचा एक. वर्गात मीही मुलांना इतिहास आणि ऐतिहासिक कादंबरी यांतला फरक असाच शिकवीत असे. हा सिनेमा त्या दोन कप्प्यांमधली फळीच काढून टाकतो. पडद्यावरचे मरण खोटे आहे, पण ते पाहताना मुलीचा गळा दाटून येतो तो खरा आहे. आजोबा मेल्याचे सोंग करतात, पण त्यांचे विसरणे सोंग नाही. हे कळत जाते तसतसे हसू ओठांवरच थबकते.

ही सरमिसळ म्हणजे कलावंतांची हौस असे कुणाला वाटेल. मला तसे वाटले नाही, आणि ते का, हे सांगायचे तर घरचे सांगावे लागेल.

आमच्या ह्यांना तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असल्याचे सांगितले. जवळच्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांना आज सांगते. लपवण्यासारखे त्यात काही नाही. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसण्यावारी न्यायची गोष्टही नाही. मेंदूचा आजार आहे, मधुमेह असतो तसा. पुरता बरा करणारे औषध अजून निघालेले नाही.

हे पाटबंधारे खात्यात आरेखक होते. हाताने नकाशे काढायचे ते दिवस. अक्षर असे की छापल्यासारखे. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फलक मी दरवर्षी त्यांच्याकडून रंगवून घेत असे. आजाराची पहिली खूण अक्षरातच दिसली. बँकेत सही जुळेना. तीच सही, तीच वळणे, पण मधले एक अक्षर रोज गळायला लागले. घरी कागदावर गिरवून पाहत बसायचे. म्हणायचे, 'स्केल चुकतंय गं कुठेतरी.'

आता ते कधीकधी संध्याकाळी विचारतात, 'आई कुठे आहे?' सासूबाई १९८८ साली गेल्या. पहिल्यांदा त्यांना खरे सांगितले गेले, तेव्हा ते असे रडले की जणू बातमी आत्ताच आली. त्यांच्या दृष्टीने ती आत्ताच आली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. एका माणसाला आईच्या मरणाची बातमी किती वेळा द्यायची? तेव्हापासून आमच्या घरात सासूबाई वाईला गेलेल्या असतात, नणंदेकडे. ओटी भरण्याचा कार्यक्रम असतो, किंवा पावसाने अडकलेल्या असतात. 'उद्या येतील,' मी म्हणते. हे म्हणतात, 'येताना हळद आणायला सांग.' वाईची हळद प्रसिद्ध. आईला ती तिथूनच हवी असायची, हे त्यांच्या पक्के लक्षात आहे!

म्हणजे पाहा, नणंद खरी, वाई खरी, हळद खरी, आणि सासूबाई तिथे आहेत हे रचलेले. स्मृतिभ्रंशाच्या माणसाबरोबर राहणाऱ्याचा दिवस असा अर्धा माहितीपट आणि अर्धे नाटक असतो. नाटक बसवणारेही आपण आणि त्यात काम करणारेही आपण. कर्स्टनबाईंनी आपल्या सिनेमाला हे रूप का दिले असेल हे मला समीक्षा न वाचताच उमगले. त्या घरात दुसरे रूप चालणारच नव्हते.

आणि एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आमच्या लग्नाला एक्कावन्न वर्षे झाली. इतकी वर्षे मी त्यांना 'अहो' म्हणते आणि ते मला 'अगं' म्हणतात. गेल्या श्रावणात एका सकाळी मी चहा नेऊन दिला, तर त्यांनी कप घेतला, थोडे सावरून बसले आणि अदबीने म्हणाले, 'बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात?'

'तुम्ही.'

सगळ्यांना वाटते, ओळखले नाही की माणूस आपल्याला विसरला. पण परक्या बाईशी कसे बोलावे ती सभ्यता ते विसरले नव्हते. मी 'त्रास कसला' म्हटले आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. दुपारी पुन्हा 'अगं' झाले. आता महिन्यातून काही दिवस 'तुम्ही' असते, काही दिवस 'तू'. इंग्रजीत हे कसे कळत असेल कोण जाणे. त्यांच्याकडे सगळ्यांना एकच 'यू'.

त्या सकाळी जे वाटले त्याला काय म्हणावे? दुःख म्हणावे तर माणूस समोर चहा पितो आहे. सिनेमा पाहिल्यानंतर नातीने मला पॉलिन बॉस या अमेरिकन विदुषींबद्दल शोधून दिले. १९७० च्या दशकापासून त्यांनी अशा दुःखाचा अभ्यास केला. सुरुवात केली ती व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांपासून. त्यांनी या हरवण्याला नाव दिले, त्याचा मराठीत अर्थ 'संदिग्ध हरवणे' असा करता येईल. त्याचे दोन प्रकार त्या सांगतात. एकात माणूस देहाने समोर नाही, पण मनात आहे. दुसऱ्यात माणूस देहाने समोर आहे, पण मनाने निघून गेला आहे. स्मृतिभ्रंश हा दुसरा प्रकार. अशा दुःखाला शेवट नसतो, कारण त्याला सुरुवातीचा दिवसही नसतो.

वाचताना मला आपल्याकडचा पालाशविधी आठवला. कुणी बुडाले, रणात पडले, परमुलखात नाहीसे झाले आणि देह सापडला नाही, तर पळसाच्या पानांच्या ३६० देठांची मनुष्याकृती करून तिला अग्नी देतात. जुन्या लोकांची ही केवढी समज! घरच्यांना रडायला काहीतरी समोर हवे, हे त्यांनी ओळखले होते. गणितही मांडून ठेवले होते. दहा दिवस सुतक, दहाव्याला पिंड आणि कावळा, तेराव्याला शेवटचे विधी, मग गोडाचे जेवण. श्रद्धा असो नसो, त्या तेरा दिवसांत घर माणसांनी भरलेले असते आणि चौदाव्या दिवशी आता कामाला लागायचे हे सगळ्यांना कळते.

पण हे सगळे पहिल्या प्रकारासाठी. देह नाही, तर पालाशविधी आहे. देह आहे, जेवतो आहे, हसतो आहे आणि त्यातला माणूस थोडा थोडा निघून जातो आहे, त्याला काय करायचे? त्याला दहावा कुठला आणि तेरावा कुठला? सही गेली तो एक दिवस. आमच्या धाकट्याचे नाव गेले तो एक दिवस. 'तुम्ही' झाले तो एक दिवस. अशा दिवशी कुणी भेटायला येत नाही. यावे तरी कशासाठी, घडले काय?

माझ्या समजुतीप्रमाणे कर्स्टनबाईंनी सिनेमाच्या रूपाने त्या रिकाम्या जागी एक विधी रचला. एकदम आघात नको म्हणून मरणाची थोडी थोडी तालीम, आणि ज्याचे मरण त्यालाच बरोबर घेऊन.

त्या तालमीचा कळस म्हणजे चर्चमधला प्रसंग. सिएटलला डिक यांची शोकसभा भरवली आहे. जुने मित्र, शेजारी, नातेवाईक जमले आहेत. डिक जिवंत आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. तरी एकेक जण उठून त्यांच्याविषयी बोलतो, जसे गेलेल्या माणसाविषयी बोलतात. आणि डिक स्वतः दाराआडून फटीतून ते पाहताहेत, ऐकताहेत! त्यांचा एक जिवाभावाचा मित्र बोलून बाहेर येतो आणि हुंदके देऊन रडू लागतो. नाटकातले रडणे नाही ते. मित्र पलीकडे जिवंत उभा आहे हे ठाऊक असूनही त्याला रडू आवरत नाही. नंतर डिक दार उघडून आत चालत येतात, टाळ्यांचा कडकडाट होतो, लोक त्यांना मिठ्या मारतात. याच्याही पुढे सिनेमाचा खरा शेवट आहे. तो मी सांगणार नाही, ज्यांना बघायचा त्यांनी बघावा.

जिवंत माणसाचे अंत्यसंस्कार ही गोष्ट आपल्या महाराष्ट्राला अगदीच नवी नाही बरे का. आगरकरांची (१८५६–१८९५) प्रेतयात्रा त्यांच्या हयातीत पुण्याच्या सनातन्यांनी काढली होती आणि ती त्यांना डोळ्यांनी पाहावी लागली, हे आम्ही शाळेत शिकवलेच आहे. बहिष्कृत माणसाचे घटश्राद्ध करीत, तेही त्यातलेच. 'तू आम्हाला मेलास' हे सांगण्यासाठी केलेले. दुसरीकडे संन्यास घेणारा माणूस आधी स्वतःचे श्राद्ध स्वतः करतो. त्यात राग नाही, पण पाश तोडणे आहेच. डिक जॉन्सनांच्या सभेत पाश तोडायचा नव्हता. घट्ट धरायचा होता. असा प्रकार मी पहिल्यांदाच पाहिला.

आणि मरणावर हसण्याचे म्हणाल, तर सतीश आळेकरांचे 'महानिर्वाण' १९७४ साली रंगभूमीवर आले. त्यातले भाऊराव मेल्यावर उठून स्वतःच्याच मरणाचे कीर्तन करतात. लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही दोघांनी पुण्याला त्याचा प्रयोग पाहिला होता. आमच्या मागच्या रांगेतल्या एक आजीबाई 'शिव शिव' करीत उठून गेल्या, आणि हे खुर्चीत वाकून वाकून हसत होते. परतीच्या एस.टी.त म्हणाले, 'माझ्या वेळी असं कीर्तन झालं पाहिजे. रडकं तोंड करून बसायचं नाही.' ते वाक्य ह्यांना आता आठवत नाही. मला आठवते, आणि घरातल्या दोघांपैकी एकाला आठवते आहे तोवर ते आहेच, असे मी धरून चालते.

सिनेमाबद्दल माझ्या मनात एक खटका मात्र आहे, तोही सांगते. ज्या माणसाचे भान सुटत चालले आहे त्याने दिलेल्या 'हो'ला किती 'हो' मानायचे? डिक आधी मोठ्या हौसेने तयार झाले खरे, पण जसजसा आजार वाढतो तसे आपण कशात आहोत हे त्यांना कितपत कळते, असा प्रश्न पडतो. त्या खिळ्याच्या प्रसंगात अंगावर गार नकली रक्त ओघळते तेव्हा आजोबा कुडकुडतात, त्यांना ते आवडलेले नाही हे चेहऱ्यावर दिसते. मला ते बघवले नाही. पण बाईंनी तो भाग कापून टाकला नाही, याला मी प्रामाणिकपणा म्हणेन. सांभाळणाऱ्याच्या हातून असे होते. अंघोळीचे पाणी, गोळ्या, दाराला लावलेली कडी, रोज किती गोष्टी आपण त्यांच्या भल्यासाठी म्हणून त्यांच्या मनाविरुद्ध करतो. प्रेम आणि जबरदस्ती यांच्यातली रेघ फार बारीक असते. पूर्वी हे चांगल्या टोकदार पेन्सिलने अशी रेघ मारायचे. मला ती रोज अंदाजाने मारावी लागते.

नात म्हणाली, 'आजी, हे अमेरिकेत चालतं गं. आपल्याकडे लोक काय म्हणतील?' मी म्हटले, चर्चचे राहू दे. पण २०२० आणि २०२१ मध्ये आपल्याकडे काय झाले ते तू पाहिलेस ना? अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा. कित्येकांना शेवटचे दर्शन नाही, समाचाराला येणे नाही, मोबाइलवर शोकसभा. माझ्या शाळेतल्या दोन सहकारी त्या काळात गेल्या. त्यांच्याविषयी किती चांगले बोलायचे होते माझ्याजवळ. अजून आहे, आणि ऐकणारी माणसे नाहीत. आपल्याकडे माणसाबद्दलचे चांगले बोलणे आपण शिलकीत ठेवतो आणि नेमके तो ऐकू शकत नाही तेव्हा खर्च करतो. कुणी तोंडावर कौतुक केले की आपणच म्हणतो, 'दृष्ट लागेल हो.'

आता विनंतीकडे येते.

हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचे सहस्रचंद्रदर्शन करतात. हिशेब सोपा आहे. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साधारण २९.५३ दिवस, म्हणजे हजार पौर्णिमांचे २९,५३० दिवस, म्हणजे जवळजवळ ८० वर्षे १० महिने. (गणिताच्या बाई नव्हते, पण एवढे येते!) ह्यांचे ते वय येत्या मार्गशीर्षात भरते. मुलांनी विचारले, करायचे का? त्यांना काही कळणार नाही, उगाच गर्दीने घाबरतील. माझेही मन आधी तयार नव्हते. सिनेमा पाहिल्यावर मी हो म्हटले.

कार्यक्रम घरीच आहे, साताऱ्याला. हॉल नाही, मंडप नाही, तुला नाही. ८१ दिव्यांनी ओवाळायचे, सुनेने पणत्या आणूनही ठेवल्या आहेत. सगळ्यांनी एकाच वेळी यायचे नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चार-चार, पाच-पाच जणांनी यावे, म्हणजे ह्यांना शीण होणार नाही. वेळा मुलगा फोन करून ठरवील. दुपारी एक ते चार मात्र कुणी नको, ती त्यांची झोपेची वेळ.

आल्यावर 'मला ओळखलंत का?' असे कृपा करून विचारू नका. प्रेमानेच विचारतात सगळे, पण ती त्यांना परीक्षा वाटते. उत्तर येत नाही हे त्यांना समजते आणि चेहरा उतरतो. समोर बसून आधी आपले नाव आणि नाते सांगा, 'भाऊ, मी अमक्याचा अमका' असे. मग त्यांची एक आठवण सांगा. एकच, पण नीट सांगा. जी तुम्ही तुमच्या भाषणासाठी मागे ठेवली असेल ती सांगा. सायकल शिकवली असेल, फीचे पैसे भरले असतील, रागावले असतील तर तेही सांगा. ते म्हणतील, 'हो का? असं केलं होतं मी?' आणि खूश होतील. संध्याकाळी विसरतील. विसरू देत. त्या वेळचा आनंद तर खरा असेल, आणि तुमचे सांगणे मी ऐकलेले असेल.

सासूबाईंविषयी त्यांनी विचारले तर त्या वाईला गेल्या आहेत, हे सर्वांनी लक्षात ठेवावे. नाटकात सगळ्यांना एकच संहिता पाठ हवी.

आहेर, शाल, श्रीफळ काही आणू नये. अगदीच आणायचे तर पावशेर कंदी पेढे आणावेत. त्या अमेरिकन आजोबांचा केक तसा आमच्या ह्यांचा कंदी पेढा. साखर थोडी वाढलेली आहे, म्हणून एका वेळी अर्धाच देते. पण त्या दिवशी कुणी पाठ फिरवून दुसरा अर्धा दिला, तर मी पाहिले नाही असे समजेन.

बाकीच्या वाचक मंडळींनी, ज्यांना साताऱ्याला येणे जमणार नाही त्यांनी, आपापल्या घरी असे एखादे माणूस असेल तर त्याच्यासमोर जाऊन बसावे. कळवा कसे झाले ते. मीही आमचे कसे पार पडले ते इथे लिहीनच.